विहिरीचा तळ कुणी नेला?

१

विहिरीचा तळ नाहीसा झाला होता.

शंतनू फोनवर असं म्हणाला, तेव्हा विशाखा सोनपेठकर गारखेड्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात जवसाची चटणी कुटत बसल्या होत्या. मार्च संपत आला होता. त्यांना वाटलं, पोराला ऊन बाधलं.

"कुठली विहीर रे?"

"ताई, व्यंकटराव परतूरकरांची. जाण्याआधीचं शेवटचं काम त्यांचं. दुपारी दिल्लीहून संग्रहालयाची निवड समिती यायचीय आणि सकाळी कापड काढलं, तर आतला तळच गायब! पोलिसांत गेलो, तर ते म्हणाले, चित्रातला तुकडा गेला म्हणजे नेमकं काय गेलं ते लिहून द्या. काय लिहून देऊ?"

विशाखाताईंची सारी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत गेली होती. दोरखंड, गाठी, तारा, कापडाचे धागे. कुणाच्या गळ्यातली दोरी कुणी आवळली, हे त्या दोरीलाच विचारायचं, अशी त्यांची पद्धत. निवृत्त झाल्यावर ती सवय सुटली असं त्यांचं त्यांनाच वाटत होतं. पण शंतनू म्हणाला, "चोर सापडल्यातच जमा आहे. ओवैस. दालनाची चावी त्याच्याकडंच असते. त्याला इथंच बसवून ठेवलंय," आणि खलबत्त्यातला त्यांचा हात थांबला.

सापडल्यातच जमा असलेले चोर त्यांनी आयुष्यात बरेच पाहिले होते.

मुकुंदवाडी स्टेशनाच्या मागं सरकीचं जुनं गोदाम होतं. शंतनूनं ते भाड्यानं घेऊन, चुना लावून त्याचं कलादालन केलं होतं. प्रदर्शनाचं नाव होतं 'प्रतिसाद'. मधोमध परतूरकरांची 'विहीर' आणि तिला तीन जणांनी आपापल्या कामातून दिलेली उत्तरं. प्रत्येकाला 'विहिरी'पाशी एक दिवस एकट्यानं बसू दिलं होतं. मग ज्याला जे सुचेल ते त्यानं करायचं.

'विहीर' चित्र म्हणावं तर तिला खोली होती. शिल्प म्हणावं तर ती फळीसारखी उभी होती. दाराएवढी सागवानी पेटी लोखंडी पायांवर उभी केलेली. तिच्या पोटात कळशीच्या तोंडाएवढं भोक आणि आत हातभर खोल गेलेली विहीर. कडेनं तांब्याच्या तारेची कडी, हिमरू शालींच्या चिंध्या, फुटक्या कपबश्यांचे तुकडे, सुताचे पीळ. बघणाऱ्यानं वाकून आत डोकवायचं. तळाशी पितळेची घासून लखलखीत केलेली चकती. तिच्यात बघणाऱ्याचं तोंड दिसायचं, दूर, पाण्यात दिसावं तसं.

आता तिथं काळं भोक होतं.

"समोरून हात घालून ओरबाडलंय," शंतनू म्हणाला. तिशीतला, दाढी राखलेला, रात्रभर न झोपल्यासारखा.

विशाखाताईंनी बाही वर सारून हात आत घातला आणि लगेच काढला. मनगटावर लाल रेघ उमटली होती. कपबश्यांच्या धारा आतल्या बाजूला वळवल्या होत्या. हात जाईल, पण रक्त काढल्याशिवाय येणार नाही. आणि एकही तुकडा हललेला नव्हता.

"समोरून नाही," त्या म्हणाल्या. "मागून नेलंय. ही पेटी कुणी केली?"

शंतनूचा चेहरा उजळला.

"तेच तर सांगतोय, ताई. पेटी ओवैसनंच केली!"

२

त्या आधी पेटीच्या मागं गेल्या. मागची फळी चार स्क्रूंवर बसवली होती. स्क्रूंच्या खाचा ताज्या खरवडलेल्या होत्या. पेचकसानं होतात तशा नाही. काहीतरी पातळ, लवणारं पातं आत घालून कुणीतरी खटपट केली होती. विशाखाताईंनी भिंग लावलं. एका खाचेत निळसर काळा ठिपका दिसला. बोटाला घेऊन त्यांनी हुंगलं, तर जवसाचा वास. आपल्याच हातांना चटणीचा वास राहिलाय, असं म्हणून त्यांनी बोट पदराला पुसलं. पुढं त्यांना या पुसण्याचा फार राग आला.

फळी काढली. आत चकती जिथं बसवली होती तिथं मेण आणि राळ यांचा जाड थर होता. चकतीच्या पाठीला काहीतरी उठावाचं असावं, कारण मेणात बारीक बारीक खळगे उमटले होते. चौकोनी मांडणी, ओळीत ओळ. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यातला खळगा नव्हता. कडेला तिन्ही ठिकाणी तांब्याच्या तारांची तुटकी टोकं. एवढी करकचून पिळलेली की तांबं पांढरट पडलं होतं.

त्यांनी फोटो काढले आणि शंतनूच्या खोलीत गेल्या.

ओवैस खुर्चीच्या टोकावर बसला होता. पस्तिशीचा, सडपातळ, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या. घर शहागंजात. आजोबांचे हिमरूचे माग होते, आता शालींचं दुकान. परतूरकरांकडं तो कॉलेज सुटल्यापासून मदतीला होता. आता स्वतःही कामं करत होता. मागाची जुनी फणी छताला टांगून तिच्यातून खालच्या रिकाम्या बादल्यांत सुटलेले रेशमी धागे, हा त्याचा 'प्रतिसाद'.

"मॅडम, मैं एकच गोष्ट सांगतो," त्यांनी काही विचारण्याआधीच तो म्हणाला. "पेटी मी केली. मागची फळी उघडते हे मला ठाऊक होतं. चावी माझ्याजवळ होती. अब आप बोलो, मी ओवैस नसतो, शंतनू असतो, तर मला असं बसवलं असतं का?"

विशाखाताईंनी खुर्ची ओढून घेतली. मग त्यांनी कामाचं विचारलं.

"स्क्रू कशानं बसवलेस?"

"मशीननं. उघडायला बी मशीन नाय तर चांगला पेचकस. माझ्या पिशवीत आहे, बघा."

"विहिरीच्या आतलं काम करताना होतास?"

"नाय. पूर्वी लई वर्षं सरांच्या हाताखाली तारा वळल्या. पण शेवटची दोन वर्षं सर दार लावून घ्यायचे. मी पेटी दारात ठेवायची, अन् जायचं. आत फक्त काकू, सरांच्या मिसेस."

"का बरं?"

"सर म्हणायचे, एकाग्रता." त्यानं मान वळवली. "सरांचा चहाचा कप बशीवर वाजायचा, मॅडम. बाहेर ऐकू यायचा. पर मी कधी विचारलं नाय."

बाहेरून शंतनूचा आवाज आला. कुणीतरी फोनवर होतं आणि तो सांगत होता, "हो, आमच्याच इथला मुलगा... नाव नका छापू अजून."

अजून! विशाखाताईंनी दार लावून घेतलं.

३

परतूरकरांची मुलगी स्वरदा दालनाच्या कोपऱ्यात आपलं काम मांडत होती. पुण्यात वास्तुरचनाकार. वडिलांशी तिचं फारसं पटलं नव्हतं आणि ती ते लपवतही नव्हती. तिचा 'प्रतिसाद' म्हणजे पुठ्ठ्याचं घर. खिडक्या, जिने, कपाटंसुद्धा. फक्त छत नव्हतं.

"बाबांच्या कामाला मी काय उत्तर देणार?" ती म्हणाली. "ते घरात असायचे, पण कामाच्या खोलीत. म्हणून मी घर केलं आणि ती खोली बंद ठेवली."

विशाखाताई वाकून बघत होत्या. घराच्या उंबऱ्यासमोर नखाएवढी रांगोळी होती. ठिपक्यांची, चौकोनी. खालच्या उजव्या कोपऱ्यातला ठिपका नव्हता.

"हा राहिला का?"

"नाही हो." स्वरदा पहिल्यांदाच हसली. "आई रोज एक ठिपका सोडायची. मी लहानपणी भरायला जायचे, तर हात धरायची. म्हणायची, असू दे, घर अजून पुरं व्हायचंय."

विशाखाताईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मेणात ठसा उलटा उमटतो. मेणात डावा कोपरा रिकामा, म्हणजे चकतीवर उजवा.

"हे घर इथं कधी आणलंस?"

"काल. पण खोक्यातच होतं. आत्ता सकाळी बाहेर काढलं."

"आणि विहिरीवर कापड कुणी टाकलं?"

"मीच. दिवेलागणीला. धूळ बसू नये म्हणून."

"टाकताना आत डोकावलीस?"

स्वरदा आठवू लागली. "नाही. कशाला डोकावू?"

विशाखाताईंनी शंतनूला हाक मारली. "काल दुपारनंतर विहिरीत कुणी डोकावून पाहिलं होतं का?"

कुणीच नाही. काल दुपारी इथं कोण कोण होतं? स्वरदा खोकं ठेवून जेवायला गेली होती. शंतनू दिव्यांचं सामान आणायला शहरात गेला होता. ओवैस बादल्या आणायला शहागंजात. स्वरदाची आई, अनसूयाकाकू, थोडा वेळ येऊन गेल्या. तिसरा प्रतिसाद देणारे सुदर्शन सर आपल्या चित्रावर शेवटचा हात फिरवत बसले होते. दार सताड उघडं.

"म्हणजे तळ रात्रीच गेला असं कशावरून?" विशाखाताई म्हणाल्या. "कापडाखाली आधीच भोक असेल. तसं असेल तर चावीचा काही संबंधच नाही, शंतनू. अख्खी सकाळ तू त्या मुलाला एका चावीपायी बसवून ठेवलंस."

शंतनू खाली बघू लागला. पण लगेच म्हणाला, "मग काकू? त्या कशाला आपल्याच नवऱ्याचं काम बिघडवतील?"

हाच प्रश्न विशाखाताईंनाही पडला होता. शिवाय मघाशी त्यांनी भिंतीवर लावलेली परतूरकरांची जुनी कामंही भिंगाखाली पाहून घेतली होती. जुन्या कामांतल्या सगळ्या तारांना उजवा पीळ होता. 'विहिरी'त एकही तार तशी नव्हती. सगळ्या डाव्या.

माणसाचा हात थरथरायला लागला म्हणून तो डावखुरा होत नाही.

४

अनसूयाबाईंचं घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर होतं. दार त्यांनीच उघडलं. सत्तरीच्या आसपासच्या, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. विशाखाताईंनी आधी हात धुवायला पाणी मागितलं आणि साबणानं चटणीचा वास खसाखसा धुऊन काढला.

"तुम्हाला उगीच त्रास दिला शंतनूनं," अनसूयाबाई म्हणाल्या. त्या पानाचं तबक घेऊन बसल्या होत्या. "गेलं ते गेलं. समितीला सांगू, काम अपुरं आहे. राहू द्या ना."

"ओवैसचं काय करायचं?"

अडकित्ता थांबला. क्षणभरच. मग सुपारीचे दोन तुकडे झाले. अडकित्ता डाव्या हातात होता.

"त्यानं नाही नेलं," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"तो तसा मुलगा नाही."

"सकाळी कापड काढलं तेव्हा तुम्हीही होतात ना? तेव्हा हे सगळ्यांसमोर म्हणाला होतात?"

अनसूयाबाईंनी तबक जवळ ओढलं. बाहेर गाडीची शिट्टी झाली, खिडकीची तावदानं थरथरली आणि पुन्हा शांत झाली.

"काल दुपारी तुम्ही दालनात कशाला गेला होतात?"

"पाहायला. पोरांनी काय काय केलंय ते."

"आणि काय पाहिलंत?"

"ओवैसच्या बादल्या आल्या नव्हत्या अजून. स्वरदाचं खोक्यात होतं." त्यांनी सुपारी तबकात ठेवली, उचलली, परत ठेवली. "सुदर्शनचं चित्र पाहिलं."

"कसं वाटलं?"

"आमच्याबरोबर होता तो कॉलेजात. हात चांगला आहे त्याचा." बाई उठल्याच. "चहा टाकते."

विशाखाताईंनी चहा घेतला नाही. बाईंना काहीतरी माहीत होतं आणि ते त्या दाताखाली धरून बसल्या होत्या. दारात चपला घालताना विशाखाताईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, तांब्याची तार पिळलेली असली आणि सोडवायची असली, तर तुम्ही काय कराल?"

"उलटी फिरवीन. सुटते लगेच," अनसूयाबाई म्हणाल्या आणि मग त्यांना कळलं, की हे उत्तर चित्रकाराच्या बायकोनं एवढ्या चटकन द्यायला नको होतं.

५

सुदर्शन गंगाखेडे दालनात आपल्या चित्रासमोर स्टूल टाकून बसले होते. निवृत्त कलाशिक्षक, अंगानं भरलेले, खांद्याला झोळी. परतूरकरांवर वर्तमानपत्रांतून टीका करण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. 'गोंद आणि भंगार म्हणजे कला नव्हे' हे त्यांचं वाक्य शहरातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ होतं. मिश्र माध्यमांच्या या सगळ्या पसाऱ्यात एकटं त्यांचंच काम सपाट होतं. कॅनव्हासवर तैलरंग.

"तुम्ही मला विचारणारच," ते म्हणाले. "व्यंकटचा वैरी ना मी. पण त्याच्या घराची पायरी मी कित्येक वर्षांत चढलेलो नाही. आणि त्या पेटीला हात लावायची मला किळस येते."

"मग या प्रदर्शनात कसे आलात?"

"शंतनूनं गळ घातली. म्हणाला, विरोध हाही प्रतिसादच असतो."

विशाखाताई चित्राजवळ गेल्या. काळंनिळं गोल पाणी आणि पाण्यात चांदण्या. सुंदर होतं, यात शंका नाही. आणि नाकाशी वास आला. जवसाच्या तेलाचा. तैलरंग त्यातच घोटतात. आता त्यांचे हात स्वच्छ होते. पदराला पुसून टाकलेला तो निळसर काळा ठिपका त्यांना आठवला आणि आपल्या नाकाला चार शब्द सुनावावेसे वाटले.

मग त्यांनी चांदण्या पाहिल्या.

आकाशात चांदण्या विखुरलेल्या असतात. इथं त्या ओळीत होत्या. चौकोनात. खालच्या उजव्या कोपऱ्यातली चांदणी नव्हती.

"सर, ही एक काढायची राहिली?"

सुदर्शन सरांच्या पापण्या एकदाच लवल्या. "ढग आहे तिथं," ते म्हणाले.

विशाखाताई चित्राच्या कडेला गेल्या. भिंतीवरची बाकीची कामं भिंतीला चिकटून होती. या चित्राची खालची कड मात्र भिंतीपासून बोटभर सुटली होती आणि तिची सावली भिंतीवर जाड पडली होती.

"शंतनू," त्यांनी हाक मारली. "काकूंना बोलावून घे. स्वरदाला आणि ओवैसलाही बाहेर आण. समिती यायच्या आत हे संपवू."

"काय संपवायचंय?" सुदर्शन सर उठले. "माझ्या चित्राला हात लावू नका. रंग ओला आहे."

"तेच तर सांगणार आहे," विशाखाताई म्हणाल्या.

६

सगळे 'विहिरी'भोवती उभे राहिले. ओवैस जरा लांब, दाराजवळ. अनसूयाबाई आल्या आणि लेकीच्या शेजारी न थांबता एकट्याच खांबाला टेकल्या.

"तळ मागून काढला," विशाखाताईंनी सुरुवात केली. "काल दुपारी, सगळे बाहेर असताना. मागची फळी काढणाऱ्याजवळ पेचकस नव्हता. त्यानं पातळ पातं वापरलं. ओवैसच्या पिशवीत चार पेचकस आहेत. तो कशाला पात्यानं खरवडत बसेल? आणि त्या पात्याला ओला तैलरंग होता. या दालनात तैलरंग वापरणारा माणूस एकच आहे."

"रंग कुठूनही लागू शकतो," सुदर्शन सर म्हणाले.

"बरोबर. पुढं ऐका. चकती तीन तारांनी बांधली होती. तारांना डावा पीळ. चोरानं त्या सोडवायला पाहिल्या. उजव्या हाताचा माणूस आपल्या सवयीनं जशी फिरवील तशी फिरवली. डाव्या पिळाची तार तशी फिरवली की सुटत नाही, आणखी आवळते. आवळून आवळून तांबं पांढरं पडलं, तेव्हा त्यानं ती तोडली. ज्या हातानं ती तार वळली, त्या हाताला ती सोडवायला क्षण लागला नसता. म्हणजे जिनं हे काम केलं, तिनं ते मोडलेलं नाही."

"जिनं?" स्वरदा म्हणाली.

विशाखाताईंनी अनसूयाबाईंकडं पाहिलं. बाईंनी मान हलवली, अगदी किंचित. बोला, अशा अर्थानं.

"स्वरदा, मेणात चकतीच्या पाठीचा ठसा राहिलाय. तुझ्या आईची रांगोळी आहे ती. एक ठिपका सोडलेली. चकतीची पाठ मेणात गाडलेली. फळी उघडून चकती उचलल्याशिवाय ती कुणाला दिसणं शक्य नव्हतं. तरी सुदर्शन सरांच्या चित्रात ती आहे. हे चित्र रंगायला घेतलं तेव्हा तुझं घर इथं नव्हतंही. सर विहिरीपाशी एकटे बसले होते, त्या दिवशीच त्यांनी फळी उघडून, तारा तशाच ठेवून चकती मेणातून जराशी उचकटून तिची पाठ पाहिली आणि परत दाबून बसवली. काल मात्र चकती मुळातूनच काढली. शंतनू, ते चित्र उतरव."

चित्र उतरवलं. कॅनव्हासच्या पाठीला, लाकडी चौकटीच्या आत, मऊ फडक्यात गुंडाळलेली पितळेची चकती सुतळीनं बांधली होती. सपाट चित्राच्या पोटात.

सुदर्शन सर स्टुलावर बसले. आवाज चढवण्याचाही त्यांनी प्रयत्न केला नाही.

"आमच्या वर्गात सगळ्यांत मोठा हात हिचा होता," ते म्हणाले. "सही करायची नाही. एक ठिपका सोडायची, बस. मग लग्न झालं आणि हिचं काम दिसेनासं झालं. त्या दिवशी मी पेटी उघडली ती व्यंकटला खोटं पाडायला. आत पुठ्ठा आणि गोंद निघेल म्हणून. आणि हे निघालं. आज दुपारी त्याचं नाव लागलं असतं, कायमचं. मला ते बघवलं नसतं. तळ नसला की समिती काम घेणार नाही, एवढंच डोक्यात होतं."

"आणि ओवैस?" विशाखाताईंनी विचारलं.

"पुराव्याशिवाय त्याला कोण काय करणार होतं?"

"सकाळपासून करताहेत की, सर. तुमच्या डोळ्यांदेखत."

अनसूयाबाई खांबापासून पुढं आल्या. चकती त्यांनी हातात घेतली, पदरानं पुसली.

"सुदर्शन, तुला कुणी सांगितलं होतं?" आवाज हळू होता, पण त्याला धार होती. "त्यांचा हात कापायला लागला तेव्हा ते म्हणाले, तू कर, मी सही करतो. शेवटी शेवटी सही करतानाही हात मलाच धरावा लागायचा. त्यांनी मला विचारलं नाही. तुलाही विचारावंसं वाटलं नाही. माझं नाव झाकताना एकानं विचारलं नाही, माझं नाव वाचवताना दुसऱ्यानं नाही. काल तुझं चित्र पाहिलं, तेव्हाच मला कळलं होतं, तुला कळलंय. आज सकाळी भोकातून डोकावून त्या आवळलेल्या तारा पाहिल्या आणि उरलंसुरलंही कळलं."

"मग बोलली का नाहीस, आई?" स्वरदानं विचारलं.

बाईंनी चकती पोटाशी धरली. त्या पेटीच्या मागं गेल्या. नवी तार मागितली. डाव्या हाताची बोटं सराईतपणे फिरू लागली. थोड्या वेळानं शंतनूनं समोरून डोकावलं, तर तळाशी त्याचं तोंड दिसलं आणि तो घाईनं मागं सरकला.

समिती आली. अनसूयाबाईंनी स्वतः सांगितलं, काम माझं आहे. मोठ्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं, बरेच प्रश्न विचारले, तारा पाहिल्या. शंतनूनं जुनी पाटी काढून घाईघाईनं नवी लिहिली. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा विशाखाताईंनी दाराकडं नजर टाकली.

ओवैस तिथं नव्हता. छताला टांगलेली फणीही नव्हती. जमिनीवर नुसत्या बादल्या उरल्या होत्या.

७

शहागंजात ऊन कललं होतं. रिक्षा मागंच सोडून विशाखाताई आणि अनसूयाबाई गर्दीतून चालत निघाल्या. विशाखाताईंनी बाईंना हात दिला, तर त्यांनी तो घेतला नाही.

दुकानात ओवैस शालींच्या घड्या घालत होता. त्याची आई वहिदा गल्ल्याशी बसली होती. शेजारपाजारचे दुकानदार उगाच पुढं येऊन उभे होते. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. अर्धीच. तो पकडला गेला, एवढी.

अनसूयाबाई पायरीखाली थांबल्या आणि आजूबाजूला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"या मुलानं काही नेलं नव्हतं. ज्यानं नेलं त्यानं कबूल केलंय. आणि हे मला सकाळपासून ठाऊक होतं. मी बोलले असते तर माझ्या घरातली गोष्ट बाहेर आली असती, म्हणून गप्प बसले. हे सांगायला आलेय."

शेजाऱ्यांत कुजबूज झाली. वहिदानं लेकाकडं पाहिलं. ओवैसनं हातातली घडी पुरी केली, मग दुसरी घेतली.

"तिथं बोलायचं होतं, काकू. मी तिथं बसलो होतो."

"तिथं दुपारी बोलले. पण तू निघून गेला होतास."

"फिर?" तो म्हणाला. "नवी पाटी लागली?"

"लागली."

"काय लिहिलंय?"

"अनसूया परतूरकर." बाईंच्या आवाजात किंचित संकोच होता आणि त्याखाली लपवूनही न लपणारा आनंद.

ओवैसनं शाल बाजूला ठेवली.

"पेटी मी केली, काकू. सागवान मी निवडलं. कपबश्यांच्या धारा आत वळवायच्या तर भोक कसं कापायचं, ते दाराबाहेर उभं राहून मी सरांना समजावलं. हिमरूच्या चिंध्या माझ्या आजोबांच्या मागावरच्या आहेत. एवढी वर्षं सरांचं नाव वाचलं, आज तुमचं. चांगलं झालं. लई चांगलं झालं. पर माझं कुठंय?"

विशाखाताईंना वाटलं, या प्रश्नाला आता बाई काहीतरी समजूत घालणारं बोलतील. पण अनसूयाबाई पायरीवरच बसल्या, भर बाजारात, आणि आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिल्या.

"मला सुचलंच नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "बघ ना. मला सुचलं नाही."

वहिदानं आतून पाण्याचा ग्लास आणून त्यांच्यापुढं धरला.

"उद्या सकाळी ये," अनसूयाबाई म्हणाल्या. "पाटी आपण दोघं मिळून लिहू. कुठलं नाव आधी, ते तू ठरव."

ओवैसनं शाल पुन्हा उचलली. तिच्या कडेचा एक धागा निघाला होता, तो दातानं तोडला.

"उद्या जुम्मा आहे," तो म्हणाला. "परवा येतो."